ट्रेबल टोचतोय म्हणून अ‍ॅम्प घ्यायचा का?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कुणाचा हेडफोन ट्रेबलमध्ये, म्हणजे वरच्या तीक्ष्ण सुरांत, टोचतो, कुणाचा बसका वाटतो, आणि जवळपास प्रत्येकाला कुणी ना कुणी अ‍ॅम्प, म्हणजे हेडफोनला जास्त जोर देणारं यंत्र, घ्यायला सांगितलंय, दुकानदाराने, मेव्हण्याने, नाहीतर यूट्यूबवरच्या कुणीतरी. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे वाद नको. आवाजाचा रंग ठरवतो तो हेडफोन आणि तो तुमच्या कानावर कसा बसलाय ते. अ‍ॅम्पचा नंबर बराच खाली लागतो. एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण लोकांचे पैसे तिथेच जातात.

सांगलीहून एक वाचक: ताई, मी २५० ओहमचा ओपन-बॅक (मागून उघडा) स्टुडिओ हेडफोन घेतला. डिटेल जबरदस्त आहे पण भजनातले टाळ आणि गाणाऱ्याचा "स", "श" असा कानात घुसतो की अर्ध्या तासात काढून ठेवावा लागतो. दुकानदार म्हणतो ट्यूब अ‍ॅम्प लाव, एकदम वॉर्म, म्हणजे मऊ आणि भरदार, होईल. अठरा हजार सांगतोय. घेऊ का?

नको. म्हणजे हौस म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घे, अंधारात त्या नळ्या लालसर पेटलेल्या बघायला मलाही आवडतात, पण टाळ टोचतात या तक्रारीवर तो इलाज नाही.

टोचणं येतं कुठून ते बघ. "स", "श" यांची धार साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये असते, टाळ-झांजांचा खणखणाटही तिथे आणि त्याच्या वर. आता स्टुडिओ हेडफोनांचे ग्राफ काढून बघ, बऱ्याच जणांत ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक टेकाड दिसेल, कधी ५ डीबीचं (डीबी हे आवाजाच्या पातळीचं माप), कधी त्याहून उंच. हे टेकाड ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा, पडदा, त्याच्या पुढची-मागची हवा, कप आणि पॅड यांच्यातून तयार होतं. आणि बरा सॉलिड-स्टेट (नळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरचा) अ‍ॅम्प २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत डीबीच्या एक-दोन दशांशापलीकडे हलत नाही. मग त्याने ते टेकाड सपाट कसं करायचं?

ट्यूब अ‍ॅम्प मात्र दोन गोष्टी खरंच करतो. पहिली म्हणजे थोडी भेसळ. मूळ सुराच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीचा सूर तो अगदी बारीक प्रमाणात मिसळतो, म्हणजे मध्य सप्तकातला सा वाजला की त्यात तार सा कणभर येतो. एकाच सुराचं वरचं सप्तक असल्याने ते कानाला खटकत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटू शकतो. पण १ टक्का भेसळ म्हणजे मूळ सुरापेक्षा ४० डीबी खाली, आणि चालू गाण्यात ती मूळ सुराखाली बहुतेक झाकलीच जाते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला अडथळा, तो ओहममध्ये मोजतात. हेडफोनलाही स्वतःचा असाच अडथळा असतो, तो त्याचा इम्पीडन्स. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तो शंभर ओहमच्या घरात असू शकतो. सेनहायझरचे एचडी ६०० किंवा एचडी ६५० घे, दोन्ही कागदावर ३०० ओहमचे, पण १०० हर्ट्झच्या जवळपास तेच हेडफोन ५०० ओहमपर्यंत चढतात. आता १२० ओहमच्या अ‍ॅम्पला ते जोडले तर ३०० ओहम असलेल्या भागात साधारण २.९ डीबी गळतात आणि ५०० वाल्या भागात १.९. म्हणजे बास (खालचे सूर) बाकीच्यापेक्षा एक डीबीने वर आला. एवढंच. ट्यूबच्या ज्या ऊबेबद्दल लोक इतकं भरभरून बोलतात त्यातला मोठा हिस्सा हा आहे, आणि तो एक डीबी खोटा नाही, ऐकू येतो, छान वाटतो. फक्त ८ किलोहर्ट्झचं टेकाड होतं तिथेच राहतं.

तुझ्यासाठी फुकटचा उपाय. विंडोज असेल तर इक्वलायझर एपीओ टाक, अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे, दोन्ही इक्यू, म्हणजे आवाजाचा हवा तो पट्टा वर-खाली करायची सॉफ्टवेअर. नेटवर सतत चढत जाणारा टेस्ट टोन मिळतो, तो हळू आवाजात ४ ते १२ किलोहर्ट्झपर्यंत वाजव. हळूच वाजव हं, ट्रेबलचा शुद्ध टोन जोरात ऐकू नकोस. कुठेतरी एका जागी तो एकदम उसळून कानात सुई टोचल्यासारखा होईल, तो आकडा लिहून ठेव. समजा ८२०० हर्ट्झ. तिथे क्यू, म्हणजे पट्टा किती अरुंद ते, २-३ ठेवून ४ डीबी खाली आण आणि मग तेच टाळ परत ऐक. कमी वाटलं तर ६ कर. ग्राफ बघून करण्यापेक्षा हे कानाने केलेलं बरं, कारण ग्राफ कृत्रिम कानावर काढलेला असतो आणि तुझ्या कानाची नळी तुझी आहे, टेकाड तुला ७५०० वर सापडेल, मित्राला ९००० वर. बास वाढवायचा असेल तर १५० हर्ट्झच्या खाली २-३ डीबी दे, मात्र जेवढं वाढवलंस तेवढा प्रीअ‍ॅम्प (त्याच सॉफ्टवेअरमधली एकूण पातळी) खाली घे, नाहीतर आवाज फाटेल आणि तू परत मलाच लिहिशील.

एवढं करूनही टोचलं तर हेडफोन बदल. अठरा हजारात दुसरा चांगला हेडफोन येतो.

नाशिकहून एक वाचक: माझे इअरफोन मल्टी-ड्रायव्हरवाले आहेत, फोनवर झकास वाजतात. वडिलांच्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला लावले तर गाणं दबून जातं, ट्रेबल गायबच. वडील म्हणतात पूर्वीचा साउंड असाच गोड होता. खरं का?

वडिलांचा रिसीव्हर गोडच असणार, पण इथे घोळ जॅकचा आहे. हाच तो अपवाद जो मी वर म्हटला.

जुन्या रिसीव्हरांत हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प सहसा नसायचा. स्पीकरच्याच आउटपुटला दोनशे-चारशे ओहमचा रेझिस्टर लावायचा आणि त्याच्या पुढे जॅक, झालं काम. तेव्हाचे हेडफोन जास्त ओहमचे असल्याने ते खपून जायचं. आयईसी ६१९३८ नावाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डने १९९६ मध्येसुद्धा हेडफोन आउटपुटसाठी १२० ओहम सुचवला होता, त्यामुळे कुणी अगदीच आडाणीपणा करत होतं असं नाही.

आता तुझे इअरफोन. आत बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे बारीक ड्रायव्हर आणि त्यांच्यात सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर असले की इम्पीडन्स सरळ रेषेत राहत नाही, गायकाच्या आवाजाच्या भागात समजा ४० ओहम आणि ट्रेबलमध्ये ८ ओहम. सोसायटीत टाकीवरून येणारा पाइप बारीक असला की कुणी नळ पूर्ण सोडला रे सोडला की त्याच्याच नळाचं प्रेशर बसतं, तसंच हे. ट्रेबलच्या भागात इअरफोन जास्त करंट ओढायला जातो आणि मधल्या रेझिस्टरमुळे तिथलाच व्होल्टेज पडतो. आकड्यात सांगते. फोनचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहम धरला तर दोन भागांतला फरक एक डीबीसुद्धा होत नाही. रिसीव्हरचा ३३० ओहम धरला तर तोच फरक १३ डीबी! ट्रेबल १३ डीबी खाली म्हणजे गेलाच की. आणि गंमत म्हणजे काही इअरफोनांत इम्पीडन्स वरच्या बाजूला वाढत जातो, त्यांच्यात याच जॅकवर उलटं होतं, आवाज चिरका होतो. म्हणून "अमुक अ‍ॅम्प वॉर्म आहे, तमुक ब्राइट आहे" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या हेडफोनवर?

ढोबळ नियम असा आहे की अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. ३२ ओहमला ४, १६ ओहमला २. तुझ्यासारख्या इअरफोनला १ किंवा त्याहून कमीच बघ. वडिलांच्या रेकॉर्ड त्याच रिसीव्हरवरून ऐकायच्या असतील तर मागे टेप आउट असेल बघ, तिथून केबल काढून एखाद्या साध्या छोट्या हेडफोन अ‍ॅम्पला दे. किंवा प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) हेडफोन लाव, त्यांचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो त्यामुळे जॅक कसाही असो, आवाजाची पातळी खाली येईल पण रंग बदलणार नाही.

रत्नागिरीहून एक वाचक: हेडफोन तीन वर्षांचा आहे. आधी मस्त भारदस्त वाजायचा, आता पोकळ आणि कर्कश वाटतो. पॅडचे काळे पापुद्रे निघतायत पण ते तर फक्त दिसायला वाईट ना? अ‍ॅम्प लावून बास परत येईल का? आणि मला चष्मा आहे.

पत्रातच उत्तर आहे हो तुमच्या. पॅड फक्त दिसायला नसतो, तो आवाजाचा भाग असतो. बंद हेडफोनमध्ये बास टिकतो तो कान आणि ड्रायव्हर यांच्यामधली हवा कोंडलेली राहिली तरच. फट पडली की सगळ्यात आधी खालचे सूर निसटतात, ट्रेबल मात्र तसाच पोचतो, आणि मग तोल गेल्यामुळे तोच ट्रेबल जास्त वाटायला लागतो. कर्कशपणा वाढलेला नाही, त्याला तोलणारं जे होतं ते गेलंय.

कोकणात तर हे लवकरच होणार. ते काळं कव्हर म्हणजे पॉलियुरेथेन, दमट हवेत त्याचं हळूहळू विघटन होतं, पापुद्रे सुटतात, मग हवा आरपार जाते. आतला फोमही दबतो आणि ड्रायव्हर कानाच्या जवळ सरकतो, त्याने ट्रेबलचा आकार बदलतो तो वेगळाच.

एक चाचणी करा. गाणं चालू ठेवून दोन्ही कप हातांनी डोक्याकडे हलकेच दाबा. बास एकदम भरून आला तर सील गेलंय, अ‍ॅम्पचा काही संबंध नाही. मग चष्मा काढून ऐका. काडीमुळे कानामागे जी बारीक फट पडते ना, तेवढीसुद्धा पुरते. नवे पॅड घ्या, शक्यतो त्याच मॉडेलचे मूळ कंपनीचे. बाजारात स्वस्त पॅड मिळतात त्यांची जाडी आणि छिद्रं वेगळी असतात, बसतात बरोबर पण हेडफोन भलताच वाजायला लागतो. मखमली पॅड चष्म्याला बरे आणि घामालाही बरे, पण त्यांतून हवा जाते त्यामुळे बंद हेडफोनचा बास थोडा उतरेल हे धरून चाला. आणि पावसाळ्यात हेडफोन खिडकीपाशी टांगू नका, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

पुण्याहून एक काका: वय ६८. शास्त्रीय आणि जुनं नाट्यसंगीत ऐकतो. बालगंधर्वांच्या रेकॉर्डमधली खरखर सहन होईना म्हणून मुलाने एक वॉर्म हेडफोन आणून दिला. त्यावर खरखर गेली, पण हल्लीच्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगमधला तानपुरा लागतच नाही, नुसता घुमतो. अ‍ॅम्प बदलून दोन्ही जमेल का?

काका, पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुमच्या कानाने नेमकं पकडलंय.

पुरुष गायकाचा काळी एकचा तानपुरा घ्या. खर्जाच्या तारेचा मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास, जोडीच्या तारा १३९. पण तानपुरा लागलाय असं आपण म्हणतो ते त्या ६९ वर नाही. जवारीचा दोरा सरकवून जी झळाळी काढतात ती सगळी वरच्या स्वरांशांची, काही किलोहर्ट्झपर्यंत चढत गेलेली. वॉर्म म्हणून विकल्या जाणाऱ्या हेडफोनमध्ये साधारणपणे १०० ते ३०० हर्ट्झचा भाग थोडा फुगवलेला आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचा उतरवलेला असतो. म्हणजे खर्जाचं शरीर वाढलं आणि जवारी कापली गेली. घुमणारच. तबल्याच्या चाटीचंही तेच होतं, नुसता बायाँ उरतो.

उलट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर ७-८ किलोहर्ट्झच्या वर संगीत जवळजवळ नसतंच, तिथे सुईची खरखर असते. १९२५ च्या आधी तर रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नव्हता, भोंग्यासमोर गायचं. त्यामुळे तिथे वरचा भाग कापला तर गाण्याचं काहीच जात नाही. दोन्ही रेकॉर्डिंगना दोन वेगळे हेडफोन किंवा एकाच हेडफोनवर दोन सेटिंग्ज हवीत, अ‍ॅम्प बदलून हे होणार नाही. मुलाला सांगा, फोनवर इक्यूचे दोन प्रीसेट करून दे. "तबकडी" नावाच्या प्रीसेटमध्ये ६-७ किलोहर्ट्झच्या वर सगळं उतरवायचं, "मैफल" मध्ये २०० हर्ट्झच्या आसपास २ डीबी कमी आणि ४ किलोहर्ट्झच्या वर ३ डीबी जास्त. यासाठी मूळ हेडफोन फार वॉर्म नसलेला बरा, कापणं सोपं असतं, नसलेलं आणणं अवघड.

आणखी एक सांगू का, राग मानू नका. वयानुसार ऐकणं वरच्या टोकाकडून उतरतं, आणि ते इतकं हळू होतं की माणसाला वाटतं हेडफोनच बिघडला. कानाची साधी तपासणी करून घ्या, ऑडिओग्राममध्ये सहसा २५० हर्ट्झ ते ८ किलोहर्ट्झपर्यंत बघतात. दोन्ही कानांत फरक निघाला तर तोही इक्यूमध्ये डावा-उजवा वेगळा करून भरून काढता येतो. तानपुरा परत लागेल की नाही याची हमी देत नाही, पण अ‍ॅम्पच्या आधी हे करा.

लातूरहून एक विद्यार्थी: दीदी, ३०० ओहमच्या हेडफोनला फोनला लावायचा छोटा यूएसबी-सी डोंगल पुरतो का? सगळे म्हणतात बिना अ‍ॅम्पचा वाजणारच नाही.

ओहम बघून ठरवू नकोस, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती विजेला किती आवाज निघतो ते बघ, आणि ती कुठल्या मापात दिलीय ते बघ. कुणी १ मिलीवॉटला किती डीबी ते लिहितं, कुणी १ व्होल्टला किती ते, आणि हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून लोक भांडत बसतात. ३०० ओहमवर १ व्होल्ट म्हणजे ३.३ मिलीवॉट, म्हणजे फरक ५ डीबीचा. ३२ ओहमवर तोच फरक १५ डीबीचा.

एचडी ६०० ला कंपनी ९७ डीबी म्हणते, १ व्होल्टला. चांगला डोंगल १ व्होल्ट देतो. सरासरी ७५ डीबीवर ऐकलंस तर त्याच्या वर २२ डीबीची जागा उरते, सिनेमाची गाणी, पॉप, पॉडकास्ट, सगळं आरामात. अडचण येईल ती शास्त्रीय मैफिलीच्या, मुळातच हळू पातळीवर मास्टर केलेल्या रेकॉर्डिंगला, किंवा इक्यूत तू प्रीअ‍ॅम्प ६-८ डीबी खाली घेतलास तर. ११० डीबीच्या पीकपर्यंत (सगळ्यात जोराच्या क्षणापर्यंत) जायचं तर साडेचार व्होल्ट लागतील, तिथे अ‍ॅम्प खरा. आणि कमी पडलेला अ‍ॅम्प वॉर्म वगैरे होत नाही, लाटांचे शेंडे छाटले जातात आणि त्यातून वरच्या फ्रीक्वेन्सीचा कचरा तयार होतो, आवाज फाटतो आणि टोचतो. व्हॉल्यूम टोकाला नेऊनही आवाज कमीच वाटत असेल किंवा फाटत असेल तर अ‍ॅम्प घे. सत्तर टक्क्यावरच पुरेसं होत असेल तर ते पैसे मेसच्या बिलाला ठेव.

जाता जाता, बेयरडायनॅमिकचा डीटी ८८० हा एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत विकला गेलाय. त्यामुळे जास्त ओहम म्हणजे जास्त भारी हेडफोन हे डोक्यातून काढ.

थोडक्यात काही:

शंभर तास बर्न-इन, म्हणजे नुसता वाजवत ठेवणं, केल्यावर ट्रेबल मऊ होतो का, असं तिघा-चौघांनी विचारलंय. पॅड मऊ होतात, डोक्यावर नीट बसायला लागतात, आणि कानाला त्या आवाजाची सवय होते. ड्रायव्हरमध्ये मोजता येईल असा बदल झालाच तर अगदी किरकोळ. दुकानाची परत घेण्याची मुदत बर्न-इनमध्ये घालवू नका.

चांदीच्या केबलने ट्रेबल वाढतो का? नाही. केबल तुटली असेल तर बदला.

ब्लूटूथ हेडफोनला बाहेरून अ‍ॅम्प लावता येईल का? ब्लूटूथवर ऐकताना अ‍ॅम्प आणि रंग ठरवणारं सॉफ्टवेअर दोन्ही कपाच्या आतच असतं, बाहेरच्या अ‍ॅम्पला तिथे जागाच नाही. कंपनीच्या अ‍ॅपमधला इक्यू वापरा. काही मॉडेल वायर लावून बंद स्थितीत ऐकली तर आतलं सॉफ्टवेअर सुटतं आणि एकदम बेचव वाजतात, ते बिघडलेत असं समजू नका.

ठाण्याहून एक वाचक: रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात ऐकते तेव्हा तोच हेडफोन पातळ वाटतो, दिवसा लोकलमध्ये जोरात लावला की वॉर्म वाटतो. रात्रीपुरता अ‍ॅम्पचा काही उपयोग?

हेडफोन तोच आहे, कान बदलतो. आवाज हळू झाला की मधल्या भागापेक्षा बास आपल्याला फार कमी ऐकू येतो, थोडं वरच्या टोकालाही तसंच होतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे वक्र मांडले होते. जुन्या अ‍ॅम्पवर "लाउडनेस" नावाचं बटण असायचं आठवतंय का, ते हेच भरून काढायला. तुझ्या इक्यूत रात्रीसाठी एक प्रीसेट कर, १०० हर्ट्झच्या खाली ४-५ डीबी जास्त आणि १० किलोहर्ट्झच्या वर १-२, एवढ्याने काम होईल.

आणि याच कारणाने दुकानात दोन अ‍ॅम्प ऐकून तुलना करताना जपून राहायचं. दुसरा अ‍ॅम्प अर्धा-एक डीबी जरी जोरात असला तरी तो "भरदार" वाटतो आणि माणूस कार्ड काढतो. मीटरने व्होल्टेज जुळवून दे म्हणावं, मग ऐकते.

लोकलचं मात्र मला पटलं नाही. गाडीच्या खडखडाटावर मात करायला तू आवाज किती चढवत असशील याचा अंदाज आहे मला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डीबीला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि दर ३ डीबी वाढले की तो वेळ निम्मा होत जातो, म्हणजे ८९ डीबीला पाचच तास. ठाणे ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन तू आठवड्यात त्याच्या पुढे जातेस. बाहेरचा आवाज अडवणारे, कानात नीट घट्ट बसणारे इअरफोन घे, सिलिकॉनचे टिप मोठे-छोटे बदलून बघ. मग गाडीतही हळू आवाजात बास पोचेल. फक्त प्लॅटफॉर्मवर काढून ठेव.